संग्रहालयांतल्या कॅफेंची ऑनलाइन सूची: शीटपासून वेबसाइटपर्यंत

दोन-तीन दालनं फिरून पाय बोलायला लागले की कॅफेची आठवण होते. संग्रहालयाच्या वेबसाइटवर त्याबद्दल बहुतेक वेळा 'सुविधा' नावाच्या पानाच्या तळाशी एवढंच असतं: 'कॅफे उपलब्ध'. किती वाजेपर्यंत चालू, तिकीट न काढता आत जाता येतं का, जेवण मिळतं की नुसता सामोसा, याचा पत्ता नसतो. ही माहिती एका जागी आणणारी सूची बनवायला प्रोग्रॅमर असण्याची गरज नाही. एक नीट मांडलेली स्प्रेडशीट आणि ती वाचून पानं तयार करणारं एखादं फुकट साधन पुरतं. मात्र बरेच जण आधी वेबसाइटची थीम निवडतात आणि माहिती नंतर कोंबतात. तिथेच घोडं पेंड खातं. खरं काम शीटमध्ये आहे, म्हणून या लेखातही जास्त जागा शीटलाच दिली आहे.

आधी हद्द आखा

'संग्रहालयातला कॅफे' म्हणजे काय, हे एका वाक्यात लिहून शीटच्या पहिल्या टॅबवर चिकटवून ठेवा. माझी व्याख्या अशी: संग्रहालयाच्या आवारात, त्याच्या परवानगीनं चालणारं, बसून खाता-पिता येईल असं ठिकाण. कॉफीचं मशीन यात येत नाही. रस्त्यापलीकडचा कॅफेही येत नाही, मग तो कितीही चांगला असो. मुंबईच्या काळा घोडा भागात हा मोह फार होतो, कारण तिथे संग्रहालयांच्या आसपास पावलोपावली कॅफे आहेत. एकदा रस्ता ओलांडलात की सूची संग्रहालयांची राहत नाही, मुंबई दर्शनाची होते.

कलादालनं घ्यायची का, हाही प्रश्न आधीच सोडवा. जहांगीर आर्ट गॅलरी हे संग्रहालय नव्हे, पण मुंबईत 'कलेच्या जागेतला कॅफे' म्हटलं की जुन्या माणसांना तिथलं समोवारच आठवतं. मी कलादालनं घेतो आणि 'प्रकार' नावाच्या रकान्यात तसं लिहितो, म्हणजे ज्याला नको त्याला गाळता येतात.

सुरुवात एका शहरापासून करा. आणि ज्या संग्रहालयात कॅफे नाही, तेही नोंदवा. 'इथे खायला काही मिळत नाही, घरून डबा न्या' ही माहिती लहान मुलं घेऊन जाणाऱ्याला कॅफेच्या पत्त्याइतकीच कामाची असते.

एक नाही, दोन टॅब

सगळ्यात जास्त मनस्ताप वाचवणारा निर्णय हा आहे: संग्रहालयं एका टॅबवर, कॅफे दुसऱ्या टॅबवर.

कारण लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमकडे बघितलं की कळतं. प्रेक्षकांच्या खाण्यापिण्याची सोय संग्रहालयातच करण्याची चाल याच संस्थेनं पाडली असं मानतात. साउथ केन्सिंग्टन म्युझियम या नावानं ते ओळखलं जायचं तेव्हा, १८६० च्या दशकात, पहिले संचालक हेन्री कोल यांच्या कारकिर्दीत तिथे उपाहारासाठी खास सजवलेल्या खोल्यांचं काम सुरू झालं. गॅम्बल, मॉरिस आणि पॉइंटर ही त्यांची आजची नावं, आणि लोक आजही तिथे बसून चहा पितात. १९८८ मध्ये तर संग्रहालयानं स्वतःची जाहिरातच 'झकास कॅफे, जोडीला बरंसं म्युझियमही' अशा थाटात केली होती आणि त्यावर बरीच टीका झाली होती.

आता हे शीटमध्ये कसं भराल? तीन खोल्या म्हणजे तीन कॅफे की एक? काउंटर एकच आणि वेळही एकच असेल तर नोंद एक. पण त्याच इमारतीच्या मधल्या अंगणात बागेतला कॅफे आहे, त्याची नोंद वेगळी. शिवाय याच संस्थेच्या डंडीत आणि पूर्व लंडनमध्ये वेगळ्या इमारती आहेत. सगळं एकाच टॅबवर भरलं, तर संग्रहालयाचं नाव, पत्ता, सुट्टीचा वार प्रत्येक कॅफेच्या ओळीत पुन्हा पुन्हा येतो. मग एक दिवस सुट्टीचा वार बदलतो, तुम्ही दोन ओळी सुधारता आणि तिसरी राहून जाते.

म्हणून प्रत्येक संग्रहालयाला एक कायमचा क्रमांक द्या आणि कॅफेच्या टॅबवर फक्त तो क्रमांक लिहा. नावानं जोडणी करू नका, कारण नावं बदलतात. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं आणि १९७५ पर्यंत त्याचं नाव होतं व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम. लंडन आणि मुंबई दोन्ही शीटमध्ये असतील आणि कोणी जुन्या यादीतून नावं उचलली असतील, तर भायखळ्याचा कॅफे साउथ केन्सिंग्टनला जाऊन बसेल.

जुनी नावं टाकूनही देऊ नका. संग्रहालयाच्या टॅबवर 'इतर नावं' हा रकाना हवाच. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला आजही कित्येक मुंबईकर प्रिन्स ऑफ वेल्स म्हणतात, आणि भायखळ्याचं संग्रहालय शोधणारा 'राणीचा बाग' असं टाइप करण्याची शक्यता मोठी. शोधाच्या चौकटीला हा रकाना जोडला की तुमची सूची लोक बोलतात त्या भाषेत सापडते.

कॅफेच्या टॅबवर काय हवं

नाव, कॅफेचा स्वतःचा कायमचा क्रमांक, संग्रहालयाचा क्रमांक, मजला किंवा आवारातली जागा, फोन, वेबसाइट हे ओघानं येईलच. रकान्यांची नावं इंग्रजी लिपीत, छोट्या अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेवा, पुढे साधनांना सोपं जातं. मजकूर खुशाल मराठीत. आकडे मात्र शीटमध्ये इंग्रजी अंकांतच असू द्या, पानावर दाखवताना ते देवनागरी करता येतात. शीटमध्येच देवनागरी अंक भरले तर वेळांची तुलना आणि तारखांचा हिशेब पुढच्या प्रत्येक पायरीवर अडतो.

पुढच्या काही रकान्यांवर मात्र थांबून विचार करावा लागतो.

तिकिटाचा प्रश्न 'हो' किंवा 'नाही'त बसत नाही. तीन पर्याय ठेवा: तिकिटाशिवाय जाता येतं, तिकीट लागतं, संग्रहालयालाच प्रवेश मोफत. शक्य तिथे ड्रॉपडाउन (ठरावीक पर्यायांतून निवडायची यादी) लावा, म्हणजे कोणी 'होय', कोणी 'हो', कोणी 'लागतं' असं लिहिणार नाही.

वेळा भरताना संग्रहालयाच्या वेळा आणि कॅफेच्या वेळा वेगवेगळ्या धरा. कॅफे सहसा आधी आवरतो, आणि शेवटची ऑर्डर त्याहून आधी. सोमवार ते रविवार असे सात रकाने करा. प्रत्येकात चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे वेळ लिहा, किंवा 'बंद'. रिकामी चौकट म्हणजे 'माहीत नाही', आणि 'बंद' म्हणजे खात्रीनं बंद. हा फरक शीट भरणाऱ्या प्रत्येकाच्या गळी उतरवा. सात रकाने भरायला कंटाळवाणे वाटतात, पण 'सोमवार बंद' असा एकच ठोकताळा धरून चालत नाही. मुंबईचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं, भाऊ दाजी लाड बुधवारी, हैदराबादचं सालारजंग शुक्रवारी आणि पॅरिसचं लूव्र मंगळवारी. व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट एरवी पावणेसहाला बंद होतं, पण शुक्रवारी रात्री दहापर्यंत चालू असतं.

खाण्याच्या बाबतीत मेन्यू उतरवून काढू नका. किमती तर अजिबात नकोत, त्या महिन्याभरात शिळ्या होतात. चहा-कॉफी, नाश्ता, पूर्ण जेवण अशी पातळी, शाकाहारी पर्याय, आणि आपल्याकडच्या वाचकासाठी जैन पदार्थ मिळतात का, एवढं पुरे. बाहेरचा डबा खायला परवानगी आहे का, पायऱ्या चढाव्या लागतात का, यूपीआय चालतं का, हे रकाने लोक खरोखर वापरतात. 'वातावरण' नावाचा रकाना कोणी सुचवला तर हसून विषय बदला.

आणि मग ते तीन रकाने, ज्यांच्याविना बाकी सगळं फुकट: स्थिती, माहितीचा स्रोत, शेवटची खातरजमा. स्थितीत चार शब्द ठेवा: चालू, तात्पुरता बंद, कायमचा बंद, माहीत नाही. स्रोतात 'फोनवर विचारलं', 'स्वतः गेलो', 'संस्थेची वेबसाइट', 'वाचकानं कळवलं' यांपैकी एक. खातरजमेच्या रकान्यात तारीख: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. अशा सूचीवर विश्वास बसतो तो या तारखेमुळे.

माहिती आणायची कुठून

संस्थेची स्वतःची वेबसाइट, फोन आणि प्रत्यक्ष भेट, हे तीन मार्ग पहिले. फोन दुपारी तीनच्या सुमारास करा. जेवणाच्या गर्दीत कोणी धड बोलत नाही. प्रश्नही बांधीव विचारा. 'तुमची वेळ काय' असं विचारलं की संग्रहालयाची वेळ सांगतात. 'शेवटची ऑर्डर किती वाजता घेता' असं विचारलं की कॅफेची खरी वेळ कळते.

एकदम बरीच नावं हवी असतील तर ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) आणि विकिडेटा (विकिपीडियाच्या परिवारातला माहितीचा खुला साठा) यांच्याकडे जा. विकिडेटावरची माहिती कोणत्याही अटीविना वापरता येते. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती वापरली तर श्रेय द्यावंच लागतं, आणि त्यातून बनवलेला डेटा प्रसिद्ध केला तर तोही त्याच परवान्याखाली खुला ठेवावा लागतो. गूगल मॅप्सवरून नावं, वेळा, रिव्ह्यू खरवडून आणणं त्यांच्या अटींत बसत नाही. फोटोही स्वतः काढलेले किंवा परवानगी घेतलेलेच वापरा.

कॅफे चालवणाऱ्याचा खासगी मोबाइल क्रमांक तुमच्याकडे आला, तर तो वेगळ्या, खासगी फाइलमध्ये. ज्या शीटमधून वेबसाइट बनते तिथे तो कधीच नको.

साफसफाई

शीटमध्ये माहिती चिकटवण्याआधी अक्षांश-रेखांश सोडून सगळे रकाने 'प्लेन टेक्स्ट' करून घ्या. नाहीतर स्प्रेडशीट आपलं डोकं चालवते. मुंबईच्या फोन क्रमांकातला ०२२ चा पहिला शून्य गळतो. कोणी वेळ '१०-६' अशी इंग्रजी अंकांत लिहिली तर तिची तारीख होते, १० जून किंवा ६ ऑक्टोबर, ज्या देशाची सेटिंग असेल त्याप्रमाणे. अधिक चिन्हानं सुरू होणारा क्रमांक तर शीटला गणितच वाटतो.

दुसरी कटकट जागांची. 'मुंबई' आणि शेवटी एक स्पेस असलेलं 'मुंबई' डोळ्यांना सारखंच दिसतं, पण वेबसाइटच्या फिल्टरमध्ये मुंबई दोनदा येते. ट्रिमचं सूत्र लावलं की ते जातं. वेबपानावरून कॉपी केलेल्या मजकुरात मात्र न तुटणारी स्पेस नावाचा प्रकार असतो, तो एक्सेलच्या ट्रिमला दाद देत नाही. तो 'शोधा आणि बदला' वापरून वेगळा काढावा लागतो.

मराठीचं आपलं वेगळंच. म्युझियम, म्यूझियम, म्युझीयम. कॅफे, कॅफ़े, कॉफी शॉप. यासाठी ओपनरिफाइन हे फुकटचं साधन उत्तम आहे. ते मिळतीजुळती नावं गटानं समोर ठेवतं आणि कोणतं रूप ठेवायचं ते विचारतं. गट दिसला की सरसकट 'एकत्र करा' दाबू नका. 'म्युझियम कॅफे' नावाच्या दोन ओळी दोन शहरांतल्या दोन खऱ्या जागा असू शकतात. शहर आणि संग्रहालयाचा क्रमांक बघूनच हात लावा.

शेवटी फाइल सीएसव्ही स्वरूपात काढायची, म्हणजे रकाने स्वल्पविरामानं वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल. एक्सेलमध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडा, यूटीएफ-८ ही मराठीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं जपणारी पद्धत आहे. नुसतं 'सीएसव्ही' निवडलं तर सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होऊ शकतात. आणि एकदा ती फाइल सेव्ह होऊन मूळ शीट बंद झाली की त्या प्रश्नचिन्हांतून मराठी परत येत नाही. गूगल शीट्समधून काढलेली सीएसव्ही यूटीएफ-८ मध्येच असते.

नकाशावरची टाचणी

अक्षांश आणि रेखांश वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. मुंबईचे अक्षांश १९ च्या आसपास आणि रेखांश ७२.८ च्या आसपास. दोन्हींची अदलाबदल झाली तर तुमचा भायखळ्याचा कॅफे नॉर्वेच्या उत्तरेला थंडगार समुद्रात तरंगताना दिसेल. ही चूक फार सर्रास होते, कारण लीफलेट हे नकाशाचं साधन आधी अक्षांश मागतं आणि जिओजेसन या नकाशाची माहिती ठेवणाऱ्या फाइलीत आधी रेखांश लिहितात. शीटमध्ये एक सोपा नियम लावा: भारतातली नोंद असेल तर अक्षांश ६ ते ३७ आणि रेखांश ६८ ते ९८ यांच्यातच हवा, नाहीतर चौकट लाल.

पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढून देणारी ओपनस्ट्रीटमॅपची नॉमिनॅटिम सेवा आहे. तिचा नियम सेकंदाला फार तर एक विचारणा असा आहे. उत्तरं शीटमध्ये जपून ठेवा, पुन्हा पुन्हा विचारू नका. पण खरं सांगायचं तर शंभर-दीडशे नोंदींसाठी टाचण्या हातानं टोचाव्यात. पत्ता संग्रहालयाच्या फाटकाचा असतो आणि कॅफे असतो इमारतीच्या मागे. दशांश चिन्हानंतर पाच अंक म्हणजे साधारण एक मीटरची अचूकता, त्यापुढचे अंक नुसते शोभेचे.

आता वेबसाइट

मार्ग तीन. वर्डप्रेस आधीपासून वापरत असाल तर सीएसव्ही आयात करणारं प्लगइन घ्या आणि प्रत्येक ओळीची एक पोस्ट करा. चालतं, पण शीट बदलली की आयात पुन्हा करावी लागते, आणि कोणीतरी वर्डप्रेसमध्येच थेट दुरुस्ती केली की खरी माहिती कुठली, यावर भांडण. दुसरा मार्ग, शीटवरून थेट अॅप बनवून देणाऱ्या सेवा. पटकन होतं, पण फुकट योजनेच्या मर्यादा लवकर आड येतात.

मला तिसरा पसंत आहे: स्टॅटिक साइट. इलेव्हंटी, ह्यूगो किंवा जेकिल यांपैकी एक साधन शीट वाचतं आणि साध्या एचटीएमएल पानांचा गठ्ठा तयार करतं. इलेव्हंटीमध्ये पेजिनेशनचा (एका पानावर किती नोंदी, हे ठरवणाऱ्या सेटिंगचा) आकार १ ठेवला की दर ओळीमागे एक पान बनतं. गठ्ठा गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेस या सेवांवर फुकट ठेवता येतो. डेटाबेस नाही, म्हणून तो हॅक होण्याची भीती नाही.

जोडणी अशी करा. गूगल शीट्समध्ये 'पब्लिश टू वेब'मधून दोन्ही टॅब सीएसव्ही म्हणून प्रसिद्ध करा, दोन लिंक मिळतील. साइट बनताना साधन त्या लिंकवरून ताजी माहिती उचलतं, क्रमांकावरून दोन टॅब जोडतं आणि पानं छापतं. हे रोज पहाटे एकदा आपोआप होऊ द्या. शीटमध्ये कोणी घोळ घातला आणि ओळी अचानक निम्म्या झाल्या, तर नवी पानं बनवणं थांबलं पाहिजे, अशी एक तपासणी जरूर घाला. कालची जुनी साइट आजच्या मोडक्या साइटपेक्षा बरी.

पानांचे पत्ते इंग्रजी लिपीत ठेवा. देवनागरी पत्ता ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकला की बहुतेक वेळा प्रत्येक अक्षराची नऊ चिन्हं होतात आणि लिंक चार ओळी लांब होते. पत्ता नावावरून नको, कॅफेच्या कायमच्या क्रमांकावरून बनवा, उद्या कॅफेचं नाव बदललं तरी जुनी लिंक मरणार नाही.

मुखपृष्ठावर यादी आधी आणि नकाशा नंतर. मोबाइलवर बोट लावलं की नकाशाच सरकत राहतो आणि खाली जाता येत नाही, हा वैताग कोणाला नको. फिल्टर पाचच: शहर, प्रकार, आज उघडं, तिकिटाशिवाय, पूर्ण जेवण. 'आत्ता उघडं' हे दाखवायचं असेल तर वेळेचा हिशेब कॅफेच्या गावच्या घड्याळानं करा, बघणाऱ्याच्या नाही. पुण्यात बसून लंडनची सहल आखणाऱ्याला साडेपाच तासांचा फरक पडतो, आणि तिकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे केलं की साडेचार. त्यामुळे संग्रहालयाच्या टॅबवर टाइमझोनचा रकाना ठेवा, तासांचा फरक हातानं लिहू नका.

कॅफेच्या पानावर स्कीमा डॉट ऑर्गच्या (सर्च इंजिनांना पानातली माहिती ओळखता यावी म्हणून ठरवलेल्या खुणांच्या) पद्धतीनं प्रकार, वेळा आणि 'या संग्रहालयाच्या आत' हे नातं नोंदवलं की सर्च इंजिनांना पान नीट कळतं. हे सगळं शीटमधूनच भरता येतं, वेगळं काही लिहावं लागत नाही.

चालू ठेवणं

खातरजमेची तारीख प्रत्येक पानावर ठळक दाखवा. सहा महिने उलटले की पानावर आपोआप 'जाण्याआधी फोन करा' अशी पट्टी येऊ द्या. शीटमध्येही याच तारखेवर ओळी लावा, सगळ्यात जुनी वर. दर महिन्याला वरून दहा घ्या आणि फोन लावा.

बंद झालेल्या कॅफेची ओळ पुसू नका, स्थिती बदला. समोवार २०१५ मध्ये बंद झालं, तरी लोक अजून त्याचं नाव शोधतात. त्यांना 'पान सापडलं नाही' दिसण्यापेक्षा 'कायमचा बंद, २०१५' आणि खाली जवळच्या चालू असलेल्या जागा दिसलेल्या बऱ्या. संग्रहालयच दुरुस्तीसाठी बंद झालं तर त्याच्या टॅबवर एकदा स्थिती बदलायची, त्याखालचे सगळे कॅफे आपोआप 'तात्पुरता बंद' दिसतील. दोन टॅब केल्याचा फायदा इथे वसूल होतो.

वाचकांच्या दुरुस्त्यांसाठी छोटा फॉर्म द्या: कोणता कॅफे, काय चुकलं, तुम्ही तिथे कधी गेला होतात. कॅफेचं नाव पानावरूनच आपोआप भरलेलं असू द्या, नाहीतर 'तो मागच्या बाजूचा' अशी उत्तरं येतात. फॉर्ममधली माहिती थेट मुख्य शीटमध्ये ओतू नका, तिचा तिसरा टॅब करा. तिथून तपासून, स्रोतात 'वाचकानं कळवलं' असं लिहून, मगच पुढे घ्या. कॅफेचालक स्वतःच फॉर्म भरून 'शहरातला सर्वोत्तम' असं लिहून पाठवतात. वेळ आणि फोन तेवढा घ्यायचा, विशेषण तिसऱ्या टॅबवरच राहू द्यायचं.